खजीत जादूगार चालेल का? पात्राचा वंश निवडण्याविषयी

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्यांना आधी ‘स्कायरिम’ आणि नंतर ‘बाल्डर्स गेट ३’ खेळायचा आहे, दोन्हीकडे जादूगार व्हायचे आहे, आणि फँटसी प्रकारचा रोल-प्लेइंग खेळ ते प्रथमच हाती घेत आहेत. वाचलेला प्रत्येक सल्ला त्यांना सांगतो की जादूगारासाठी अल्टमर, म्हणजे उंच एल्फ, किंवा फार तर ब्रेटन हा मानववंश घ्यावा. मन मात्र खजीत या मार्जारवंशाकडे ओढ घेत आहे. वंश चुकला तर पुढचे शंभर तास वाया जातील का, आणि निवडताना नेमके काय पाहावे, अशी त्यांची विचारणा आहे.

पहिल्या शंकेचे उत्तर एका शब्दात ‘नाही’ असे आहे, निदान या दोन खेळांपुरते तरी. दुसऱ्या शंकेला मात्र सविस्तर उत्तर द्यावे लागेल, कारण निवडीच्या पडद्यावर वंशाची सगळी वैशिष्ट्ये एकाच आकाराच्या अक्षरांत, एकाच रांगेत मांडलेली असतात आणि त्यांचे वजन मात्र मुळीच सारखे नसते. काही वैशिष्ट्ये पहिल्या पाच तासांत विरघळून जातात, तर काही शेवटच्या लढाईपर्यंत साथ देतात. तेव्हा प्रत्येक वैशिष्ट्य वाचताना एक गोष्ट तपासावी: हे पुढे दुसऱ्या कोणत्या मार्गाने मिळते का, आणि मिळत असेल तर केव्हा व कशाच्या मोबदल्यात? जे इतरांना सहज आणि लवकर मिळते त्यासाठी वंश निवडण्यात अर्थ नाही. जे इतरांना कधीच मिळत नाही, किंवा काही मौल्यवान सोडूनच मिळते, त्याच्यावर विचार खर्च करावा.

२०११ साली आलेल्या ‘स्कायरिम’मध्ये दहा वंश आहेत. आरोग्य, मॅजिका (मंत्रांना लागणारी शक्ती) आणि स्टॅमिना (दम) हे तीन साठे प्रत्येकाचे १०० पासून सुरू होतात, फक्त अल्टमरची मॅजिका १५० असते. कौशल्ये साधारणपणे १५ वर सुरू होतात आणि प्रत्येक वंशाला एका कौशल्यात १० गुणांची व आणखी पाच कौशल्यांत प्रत्येकी ५ गुणांची आघाडी मिळते. अल्टमरच्या वाट्याला इल्युजनमध्ये (मने फिरवणारी जादू) २५ आणि अल्टरेशन (संरक्षण व बदल घडवणारी), कॉन्ज्युरेशन (साथीदार बोलावणारी), डिस्ट्रक्शन (इजा करणारी), रिस्टोरेशन (उपचाराची) या जादूच्या शाखा व एन्चांटिंग (वस्तू मंतरणे) यांत २० येतात. खजीतला लपतछपत वावरण्यात २५ मिळतात. अल्केमी, धनुर्विद्या, कुलपे उघडणे, खिसेकापूगिरी आणि एकहाती शस्त्रे यांत २० मिळतात. जादूच्या पाचही शाखा मात्र १५ वरच राहतात. ही दोन कोष्टके शेजारी ठेवली की नवख्या खेळाडूचा खजीतवरून हात निघतो, हे अगदी स्वाभाविक आहे.

पण हे आकडे ज्या मोजपट्टीवर बसतात ती १०० पर्यंत जाते. डिस्ट्रक्शन १५ वरून २० वर नेण्यासाठी फार लढायाही लागत नाहीत, कारण खालच्या पायऱ्या झपाट्याने ओलांडल्या जातात. शिवाय ‘स्कायरिम’मध्ये पात्राची लेव्हल वाढते तीच मुळी कौशल्ये वाढवून, त्यामुळे खालून सुरुवात करणाऱ्याचे ते पाच गुण चढण्याचे कष्टही लेव्हलच्या खात्यात जमा होतात. राहिली ५० मॅजिका. प्रत्येक लेव्हलला तिन्हींपैकी एक साठा १० ने वाढवता येतो, म्हणजे अल्टमरची जन्मजात मॅजिका ही पाच लेव्हलांच्या बरोबरीची झाली. सुरुवातीला ती निश्चित जाणवते: दोन्ही हातांनी ज्वाला सोडत असताना साठा अचानक संपण्याचा प्रसंग अल्टमरवर उशिरा येतो. चाळिसाव्या लेव्हलला मात्र हा फरक शोधावा लागतो. आणि एन्चांटिंग पूर्णत्वाला नेले, तर डिस्ट्रक्शनचा खर्च प्रत्येकी २५ टक्क्यांनी घटवणाऱ्या चार वस्तू अंगावर चढवून त्या शाखेचे मंत्र चक्क फुकट होतात. ज्याला मंत्राचा खर्चच नाही त्याला साठा केवढा आहे याची चिंता राहत नाही, आणि हा मार्ग दहाही वंशांना सारखाच खुला आहे. ज्वालेचा आणि उपचाराचा प्राथमिक मंत्र तर प्रत्येक वंशाला पहिल्या क्षणापासून येतोच.

ब्रेटनचे गणित निराळे आहे आणि तिथे सल्ला देणाऱ्यांचे म्हणणे बरेचसे खरे आहे. ब्रेटनला जादूविरुद्ध २५ टक्के प्रतिकार कायमचा मिळतो. हा प्रतिकार इतर मार्गांनीही जमवता येतो: लॉर्ड स्टोन या वर देणाऱ्या शिळेपासून २५ टक्के, अल्टरेशनच्या पर्कमधून (लेव्हल वाढल्यावर निवडायच्या खास गुणातून) ३० टक्के, मारा देवीच्या मंदिराशी निगडित क्वेस्ट (कामगिरी) पूर्ण केल्यावर १५ टक्के. खेळाने यावर ८५ टक्क्यांची कमाल मर्यादा घातली आहे. म्हणजे इतर कोणत्याही वंशाचे पात्र या तीन मार्गांनी ७० पर्यंत पोहोचते, तर ब्रेटन तेवढ्याच ७० पर्यंत लॉर्ड स्टोनला हात न लावता पोहोचतो. एका वेळी सहसा एकाच शिळेचा वर घेता येतो, त्यामुळे ब्रेटनला खरोखर काय मिळाले, तर ती मोकळी राहिलेली शिळा. तिच्या जागी तो मॅजिका वाढवणारी किंवा कौशल्ये लवकर शिकवणारी शिळा घेऊ शकतो. जाड चिलखत न घालणाऱ्या आणि शत्रूच्या जादूगारांपुढे पटकन गारद होणाऱ्या पात्रासाठी ही सवलत मोठी आहे, आणि ती खेळाच्या अखेरपर्यंत टिकते. शुद्ध हिशोबाने जादूगार घडवायचा असेल तर मी अल्टमरच्या आधी ब्रेटनचे नाव घेईन.

नॉर्ड या मानववंशाचा गारठ्याविरुद्धचा ५० टक्के किंवा डनमर, म्हणजे काळ्या एल्फचा, आगीविरुद्धचा ५० टक्के प्रतिकार याच जातीचा आहे, फक्त त्याचा परीघ लहान आहे. जादूविरुद्धचा सर्वसाधारण प्रतिकार आणि एखाद्या विशिष्ट तत्त्वाविरुद्धचा प्रतिकार एकमेकांत मिळवले जात नाहीत, ते एकामागून एक लागू होतात. २५ टक्के सर्वसाधारण आणि ५० टक्के आगीविरुद्धचा असे दोन्ही अंगी असतील तर आगीच्या मंत्राची ३७.५ टक्के इजा होते. दोन प्रकारचे प्रतिकार थोडे थोडे जमवणे हे एकाच प्रकाराच्या मागे लागण्यापेक्षा पुष्कळदा फायद्याचे का ठरते, ते या गुणाकारात दिसते.

दिवसातून एकदाच वापरता येणाऱ्या शक्तींविषयी माझे मत जरा प्रतिकूल आहे. वाचताना त्या भव्य वाटतात: ऑर्क ६० सेकंद दुप्पट इजा करतो आणि त्याला निम्मीच इजा होते, तर अल्टमरची मॅजिका ६० सेकंद झऱ्यासारखी भरत राहते. खेळातला एक दिवस म्हणजे खऱ्या वेळेतील ७२ मिनिटे, आणि थांबण्याच्या सोयीने तोही चुटकीसरशी सरकवता येतो, त्यामुळे शक्ती पुन्हा मिळण्याची अडचण फारशी नाही. अडचण दुसरीकडे आहे. या शक्ती आणि ड्रॅगनबॉर्नच्या, म्हणजे खेळातल्या नायकाच्या, जादुई गर्जना एकाच बटणावर बसतात. गर्जना हाती आल्यावर बहुतेक जण तिथे गर्जनाच ठेवतात आणि वंशाची शक्ती मेन्यूत पडून राहते. ऑर्कची शक्ती आठवणीने वापरणाऱ्याला तिचा फार उपयोग होतो. पण अशी आठवण ठेवण्याचा आपला स्वभाव आहे का, हे प्रत्येकाने स्वतःशी प्रामाणिकपणे ठरवावे. कायम लागू असलेले २५ टक्के कोणालाही विसरता येत नाहीत, हा त्यांचा मोठाच गुण आहे.

आता खजीतकडे येऊ. नखांनी होणारी जादा इजा जादूगाराच्या फारशा कामाची नाही. अंधारात पाहण्याची शक्ती मात्र जादूगारासाठी दिसते त्यापेक्षा जास्त मोलाची आहे, आणि सल्ल्यांमध्ये तिचा उल्लेख क्वचितच सापडतो. ती हवी तितक्या वेळा वापरता येते आणि प्रत्येक वेळी ६० सेकंद टिकते, त्यामुळे एकदा ती लावून बटणावर पुन्हा गर्जना आणून ठेवता येते. ‘स्कायरिम’मधला जादूगार दोन हातांत दोन मंत्र धरतो. नॉर्ड लोकांच्या जुन्या थडग्यांत उतरताना त्याला मशाल धरायची असेल तर एक हात अडकतो, आणि प्रकाशाचा मंत्र म्हणायचा असेल तर मॅजिका जाते व लपून चालणेही अवघड होते. खजीतचे दोन्ही हात मोकळे राहतात, तो काळोखात उभा असतो आणि पलीकडचा ड्रॉगर, म्हणजे थडग्यातला जिवंत मुडदा, अजून झोपलेला असतो. लपण्यातले ते २५ गुणही इथे उपयोगी पडतात, कारण इल्युजन शाखेत आवाज दडवणारे आणि शत्रूंना आपसांत लढवणारे मंत्र आहेत. समोरासमोर आग ओकणारा जादूगार हवा असेल तर खजीत थोडा मागून सुरुवात करतो, हे खरे आहे. सावलीत राहून इतरांची मने फिरवणारा जादूगार हवा असेल तर मात्र कोष्टकातला ‘चोरांचा वंश’ आश्चर्यकारकरीत्या नेमका बसतो. एरवी वंश आधी की बिल्ड (पात्राच्या कौशल्यांची जुळणी) आधी, असा वाद नेहमी होतो. इथे मनात भरलेल्या वंशाकडे पाहून जादूगाराचा प्रकार ठरवला तर दोन्ही गोष्टी साधतात.

‘बाल्डर्स गेट ३’ (२०२३) हा वेगळ्या परंपरेतला खेळ आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलावर खेळायच्या खेळाच्या नियमांवर तो आधारलेला आहे. त्याच्या १९७४ च्या मूळ नियमांत माणसाला लेव्हलची मर्यादा नव्हती, पण ड्वार्फ योद्धा सहाव्या आणि हॉबिट योद्धा चौथ्या लेव्हलला थांबत असे, वंशाच्या खास गुणांची किंमत अशी पुढच्या वाटचालीतून वसूल केली जाई. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीने या मर्यादा काढून टाकल्या. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत एल्फला चपळाईत २ गुण मिळत आणि साध्या माणसाला सहाही गुणांत प्रत्येकी १ मिळे, म्हणजे क्लास (योद्धा किंवा विझार्ड, म्हणजे जादूगार, असा पेशा) ठरला की वंशही जवळजवळ ठरून जाई. पुढे २०२० मध्ये हे गुण हवे तिथे लावण्याची मुभा देणारे पर्यायी नियम आले, आणि २०२४ च्या नियमांत ते वंशाकडून काढून पात्राच्या पूर्वायुष्याकडे सोपवले गेले. ‘बाल्डर्स गेट ३’ या प्रवासाच्या मधल्या टप्प्यावर उभा आहे: अकरा वंशांपैकी कोणताही घेतला तरी एका गुणात २ आणि दुसऱ्या गुणात १ आपल्या मर्जीने टाकता येतो. ‘विझार्डसाठी बुद्धिमत्ता वाढवणारा वंश घ्या’ हा जुना सल्ला त्यामुळे तिथे गैरलागू आहे, आणि तो अजूनही दिला जातो याचे मला नवल वाटते.

तिथे वंशाकडून खरोखर मिळते ते चिलखत, चाल आणि बचाव. विझार्डला कोणतेही चिलखत किंवा ढाल वापरण्याचे प्रशिक्षण नसते, आणि प्रशिक्षण नसताना ते अंगावर चढवले तर मंत्र म्हणता येत नाहीत. मानव आणि अर्ध-एल्फ यांना हलक्या चिलखताचे व ढालीचे प्रशिक्षण वंशातूनच मिळते, म्हणून त्यांचा विझार्ड पहिल्या लेव्हलपासून ढाल धरून आर्मर क्लास (शत्रूचा वार लागणे अवघड करणारा आकडा) २ ने वाढवू शकतो. शील्ड ड्वार्फ आणि गिथयांकी (परक्या जगातला योद्धा वंश) यांना मध्यम चिलखतही चालते. ‘हे दुसऱ्या मार्गाने मिळते का’ या कसोटीवर घासून पाहिले तर उत्तर असे येते की मिळते, पण दुसऱ्या क्लासची एक लेव्हल घेऊन. आणि या खेळात एकूण लेव्हल बाराच आहेत. बारापैकी एक लेव्हल ही किंमत लहान नाही, त्यामुळे मानवाचे हे साधे दिसणारे वैशिष्ट्य पडद्यावर भासते त्यापेक्षा बरेच भारी आहे. कंटाळवाणा म्हणून मानवाला ओलांडून जाणारे खेळाडू ही गोष्ट वाचतच नाहीत.

नोम या बुटक्या वंशाचे सामर्थ्य वेगळ्या दिशेचे आहे. बुद्धिमत्ता, शहाणपण आणि प्रभाव या तिन्हींच्या बचावफेकीत (मंत्राचा परिणाम टाळण्यासाठी टाकायच्या फाशात) त्याला फायदा मिळतो, म्हणजे दोन फासे टाकून वरचा आकडा घेता येतो. पात्राला जागीच खिळवणारे, भुलवणारे किंवा घाबरवणारे मंत्र बहुधा शहाणपणाच्या बचावावर येतात, आणि लढाई हातची जाते ती बहुतेकदा अशाच एका मंत्राने. याउलट नोम, हाफलिंग आणि ड्वार्फ यांची चाल एका फेरीत ७.५ मीटर असते, बहुतेक इतरांची ९ आणि वुड एल्फची १०.५. सुरुवातीच्या लेव्हलांना हा दीड मीटर फार टोचतो: आडोसा दोन पावलांवर राहतो आणि तिथेच फेरी संपते. पुढे चाल ३ मीटरने वाढवणारा मंत्र आणि अदृश्य होऊन दुसरीकडे प्रकट होण्याचा मंत्र हाती आले की जादूगारापुरती ही उणीव बरीचशी भरून निघते. हातघाईची लढाई करणाऱ्याला ती अधिक काळ सोसावी लागते. हाफलिंगच्या फाशावर १ आला की तो आपोआप पुन्हा टाकला जातो. हाफ-ऑर्क मरणाच्या दारात एकदा १ आरोग्यावर सावरतो, आणि विश्रांतीनंतर ती संधी पुन्हा मिळते. दोन्ही गोष्टी दुसरीकडून सहसा मिळत नाहीत, म्हणून दोन्ही लक्षात घेण्याजोग्या आहेत. पण जादूगार मागच्या रांगेत नीट उभा राहिला तर हाफ-ऑर्कच्या त्या देणगीची वेळ येऊ नये.

आणखी एक गोष्ट एकट्या पात्राच्या खेळात उद्भवत नाही. ‘बाल्डर्स गेट ३’मध्ये चौघांचा चमू असतो आणि सोबत्यांमध्ये एक गिथयांकी, एक अर्ध-एल्फ, एक हाय एल्फ आणि एक टीफलिंग (शिंगे असलेला, सैतानी रक्ताचा वंश) आधीच आहेत. अंधारात पाहणे किंवा लांब उडी मारणे यांसारख्या गोष्टी चमूतल्या एकाला जमल्या तरी पुष्कळदा काम भागते. म्हणून आपल्या पात्रात सर्व काही असण्याची गरज नाही. उलट त्या चौघांकडे नाही असे काही आपल्यापाशी असेल तर चमू अधिक बहुरंगी होतो, आणि या दृष्टीने नोम किंवा ड्रॅगनबॉर्न (इथे हा ड्रॅगनसारखा दिसणारा वंश आहे) घेणे मला नेहमी आवडते.

आतापर्यंत आकड्यांचा विचार झाला, पण काही खेळांत वंश म्हणजे शरीर आणि समाजातले स्थान असते, आणि तिथे निवड फार खोलवर जाते. ‘स्कायरिम’च्याच मालिकेतल्या आधीच्या ‘मॉरोविंड’मध्ये (२००२) खजीत आणि आर्गोनियन (सरड्यासारखा वंश) यांना बूट किंवा चेहरा झाकणारे शिरस्त्राण घालता येत नाही, म्हणजे मंतरलेल्या बुटांची जागा कायमची गेली आणि शिरस्त्राणांची निवड कमी झाली. त्याच खेळात अल्टमरला मॅजिका भरपूर मिळते, पण जादूची इजा त्याला ५० टक्क्यांनी जास्त होते. ‘स्कायरिम’मध्ये तोच वंश हा तोटा मागे टाकून आला, आणि म्हणूनच ‘जादूगार म्हणजे अल्टमर’ हे वाक्य एका खेळातून दुसऱ्या खेळात जसेच्या तसे नेता येत नाही. ‘पिलर्स ऑफ इटर्निटी’मधला गॉडलाइक, म्हणजे देवांचा स्पर्श झालेला वंश, त्याच्या मस्तकाच्या आकारामुळे शिरस्त्राण घालू शकत नाही. ‘डिव्हिनिटी: ओरिजिनल सिन २’मध्ये (२०१७) मृतवत, म्हणजे अनडेड, पात्र घेतले तर विषाने जखमा भरतात, उपचाराच्या मंत्राने होतात, चेहरा उघडा ठेवून गावात शिरले तर लोक बिथरतात, आणि हाडांच्या बोटांनी कुलपे उघडता येतात. असा वंश निवडणे म्हणजे खेळाचे नियम नव्याने शिकणे होय. पहिल्याच खेपेला हे करू नये असे माझे स्पष्ट मत आहे, कारण नेहमीचा नियम माहीत असल्याशिवाय तो उलटा झाल्याची गंमत कळत नाही.

काही खेळ तर दारच बंद करतात. ‘ड्रॅगन एज: ओरिजिन्स’मध्ये (२००९) ड्वार्फला जादूगार होताच येत नाही, आणि वंश व क्लास यांच्या जोडीवर सहा वेगळ्या आरंभकथांपैकी कोणती मिळणार हे ठरते. ड्वार्फ राजपुत्राची सुरुवात जमिनीखालच्या राजवाड्यातल्या कारस्थानात होते, तर शहरी एल्फची बंदिस्त वस्तीतल्या एका लग्नघरात. सिंहासनाशी संबंधित एक शेवट तर फक्त मानवी उमराव घराण्यातल्या पात्रालाच मिळू शकतो. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये २००४ पासून २००७ च्या विस्तारापर्यंत पॅलाडिन हा क्लास फक्त अलायन्स या पक्षाकडे आणि शामन फक्त होर्ड या विरोधी पक्षाकडे होता, वंश निवडला की पक्ष ठरला आणि पक्षाबरोबर क्लासही ठरला. अशा खेळांत वंशाचा पडदा हा खऱ्या अर्थाने पहिला निर्णय असतो, आणि तिथे आकडे पाहण्याआधी आपल्याला कोणती कथा हवी हे पाहावे.

जग आपल्या वंशाची दखल किती घेते, हे खेळाच्या वर्णनावरून मात्र ओळखता येत नाही. ‘स्कायरिम’चे जग वंशभेदाने भरलेले आहे: खजीत व्यापाऱ्यांचे तांडे शहराच्या तटाबाहेर तळ ठोकतात, विंडहेल्म शहरात डनमर एका गलिच्छ वस्तीत राहतात आणि आर्गोनियनांना तटाच्या आत जागाच नाही. तरीही तुमचा खजीत त्याच शहरांच्या दरवाजांतून निर्धास्त आत जातो, घर विकत घेतो आणि जहागीरदाराचा मानकरी होतो. अधूनमधून एखादा टोमणा कानी पडतो, एवढेच. विरळा अपवाद ऑर्कचा: ऑर्कांच्या गढ्यांत परक्यांना आधी एक काम करून द्यावे लागते, ऑर्क पात्राला सहज प्रवेश मिळतो. माझ्या मते ही या खेळाची मोठी उणीव आहे, पण नवख्या खेळाडूच्या ती पथ्यावर पडते, कारण खजीत घेतल्यामुळे एकही क्वेस्ट हातची जात नाही आणि विंटरहोल्डचे जादूविद्यालयही त्याला इतरांसारखेच दाखल करून घेते. ‘बाल्डर्स गेट ३’ याबाबतीत पुष्कळ जागरूक आहे. ड्राउ (जमिनीखालचे एल्फ) पात्राला गॉब्लिनांच्या छावणीत जे दबलेले अभिवादन मिळते ते इतरांना मिळत नाही, टीफलिंग निर्वासितांशी टीफलिंग म्हणून बोलता येते, आणि गिथयांकींशी गाठ पडते तेव्हा त्यांच्यापैकीच एक असण्याने संभाषणाचा सूरच बदलतो. या वाटा क्वचितच बक्षिसे देतात. त्या लढाया टाळतात किंवा माहिती देतात, आणि बोलून मार्ग काढणाऱ्या खेळाडूला एवढे पुरेसे असते.

रूपाविषयी थोडक्यात. ज्या खेळात कॅमेरा पात्राच्या पाठीमागे असतो तिथे तुम्ही त्या पाठीकडे, त्या चालीकडे आणि त्या चिलखताच्या घडणीकडे सतत पाहणार असता, तर लढताना त्या वंशाचा आवाज पुनःपुन्हा ऐकणार असता. हे कारण उथळ मानण्याचा प्रघात आहे. मी ते बऱ्याच आकड्यांच्या वर ठेवतो. न आवडणाऱ्या पात्राचा खेळ मध्येच सुटतो, आणि सुटलेल्या खेळात प्रतिकाराचे २५ टक्के कामी येत नाहीत.

ऑनलाइन खेळांत सोबत कोण आहे हे आधी पाहावे. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये दोन पक्षांच्या खेळाडूंना एकत्र गट करून डंजनमध्ये उतरण्याची सोय २०२२ मध्ये आली, तोवर मित्र ज्या पक्षात असतील त्याच पक्षाचा वंश घेणे भाग होते. ‘गिल्ड वॉर्स २’मध्ये पाचही वंशांना सगळे क्लास खुले आहेत आणि वंशाच्या खास कौशल्यांचे बळ मुद्दाम कमी ठेवलेले आहे. ‘फायनल फँटसी १४’मधला आकड्यांचा फरक नगण्य आहे. याच्या दुसऱ्या टोकाला ‘डंजन क्रॉल स्टोन सूप’सारखे खेळ आहेत, जिथे वंशानुसार प्रत्येक कौशल्य शिकण्याचा वेग बदलतो आणि मांजर घेतले तर शस्त्र व चिलखत दोन्हीही विसरावे लागते. तिथे मात्र कोष्टक तोंडपाठ असलेले बरे.

शेवटी, निर्णय फिरवता येतो का ते आधीच माहीत करून घ्यावे. ‘स्कायरिम’च्या आधीच्या ‘ऑब्लिव्हियन’मध्ये (२००६) गटारातून बाहेर पडताना खेळ एकदा थांबून वंश, जन्मराशी आणि क्लास बदलण्याची संधी देतो. ‘स्कायरिम’ ती देत नाही. नंतरच्या विस्तारात आलेली मूर्तिकार स्त्री १,००० सुवर्णमुद्रा घेऊन चेहरा बदलून देते, वंश नाही, आणि पीसीवर आज्ञा टाइप करण्याच्या ‘कन्सोल’ खिडकीतून तो बदलता येत असला तरी त्यात पात्राच्या आकड्यांचा घोळ होण्याचा धोका असतो. म्हणून हेल्गेन या सुरुवातीच्या गावात वंशाचा पडदा उघडताच खजीत घ्यावा, तिथून पहिल्या थडग्यापर्यंत खेळावे, आणि काळोखात दोन्ही हात मोकळे असण्याची मजा वाटली नाही तर नव्याने सुरू करून ब्रेटन घ्यावा. तोवर फारसे काही गमावलेले नसते. ‘बाल्डर्स गेट ३’मध्ये खजीतसारखा मार्जारवंश नाही. तिथे ढाल धरणारा अर्ध-एल्फ किंवा मन भक्कम असलेला नोम यांतून निवड करावी. विदर्स हे खेळातले पात्र १०० सुवर्णमुद्रांत क्लास आणि गुण हवे तितक्या वेळा बदलून देते आणि जादूचा आरसा चेहरा बदलतो, पण वंशाला दोघेही हात लावत नाहीत. त्यामुळे पडद्यावरचा वेळ वंशावर घालवावा. विझार्ड की सॉर्सरर (जादूगाराचाच दुसरा क्लास) हे पहिल्या काही लढायांनंतर ठरवले तरी चालते.